नाक शोधायला लवंगेच्या बेटावर

मला वास येत नाही. प्रवासाची हकिकत या वाक्याने सुरू करू नये, विमानाच्या खिडकीतल्या ढगांनी वगैरे करावी, हे मला कळतं. पण आम्ही टांझानियाला कशाला गेलो ते सांगायचं तर दुसरा रस्ता नाही. हत्ती, सिंह आणि निळा समुद्र हे सगळं माझ्या बायकोसाठी आणि सहलीतल्या बाकीच्या चौदा मंडळींसाठी होतं. मी निघालो होतो झांझिबारला, लवंगेच्या बेटावर, माझं नाक परत आणायला.

नागपुरात इतवारीला आमची मसाल्याची घाऊक पेढी आहे. वडिलांनंतर गादीवर मी बसलो तो नाकाच्या जोरावर. बांधलेल्या पोत्याजवळून नुसता चालत गेलो तरी जिरं या सालचं की मागच्या, हे मी सांगायचो. गोदाम सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला, दिलीपला, उठताबसता ऐकवायचो, "तुले नाकच नाही बे!" चार वर्षांपूर्वीच्या त्या साथीत मला ताप आला, उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. आला नाही.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. लवंगेचं काय, नखाने दाबली की तेल दिसतं, मोडली की कट्कन वाजते, पाण्यात टाकली की चांगली असेल ती उभी तरंगते. बाकीच्या मालासाठी मी एक युक्ती काढली होती. दिलीपच्या नाकापुढे मूठ धरायची, "सांग पाहू कसा आहे माल, परीक्षा आहे तुही," असं म्हणायचं आणि त्याने सांगितलं की गंभीरपणे मान हलवायची. घरी चप्पल काढता काढता "वा, काय वास सुटला!" एवढं म्हटलं की स्वयंपाकघरही खूश. चार वर्षं असं बेमालूम निभावलं.

झांझिबारला ऐन हंगामात अंगणाअंगणात चटयांवर लवंग वाळत पडलेली असते, हे मी दलालांकडून ऐकत आलो होतो. एवढी लवंग एका जागी असेल तर मेलेलं नाकही उठून बसेल, अशी माझी समजूत. मनाशी ठरवून टाकलं होतं, वास आला तर गादी माझी. नाही आला तर परतल्यावर सगळ्यांना सांगायचं आणि उतरायचं. पितृपक्षात बाजार थंड असतो, म्हणून तेव्हाची सहल घेतली.

"पितृपक्षात कोणी हिंडायले जाते का?" माझी बायको शोभा म्हणाली. पण कपाटातून पासपोर्ट तिनेच शोधून काढले.

अरुशा

टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्या चालत नाहीत. आमच्या सहलीची व्यवस्थापक वैशाली हिने हे ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. पण ते निरोप 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडले गेले आणि नागपूरकरांनी सामान भरलं ते नागपूरकरांसारखंच, म्हणजे पिशवीत पिशवी आणि तिच्यात आणखी एक पिशवी. विमानतळावर एका हसऱ्या अधिकारी बाईंनी आमच्या बॅगा उघडायला लावल्या. कामठीच्या बावणे काकू, निवृत्त मुख्याध्यापिका, यांच्या एकट्यांच्या बॅगेतून सव्वीस पिशव्या निघाल्या. काकूंनी त्या घड्या घालून, मोजून, परीक्षेचे पेपर जमा करावेत तशा जमा केल्या.

आता आतल्या खाऊचं काय? चिवडा उशीच्या अभ्र्यात गेला. शंकरपाळे शोभाच्या ओढणीत गेले. जवसाची चटणी माझ्या कोऱ्या पायमोज्यात गेली आणि पुढचे चार दिवस जेवताना कोणीतरी हमखास ओरडायचं, "मनोहरभाऊ, मोजा इकडे द्या!"

तारांगिरे

पहिल्या जंगलाने माझी बोलतीच बंद केली. आपल्याकडे पेंचला जिप्सीत बसून आपण माकडाच्या हाकेकडे कान लावतो, दोन दिवस धूळ खातो आणि वाघाची शेपटी दिसली तरी पेढे वाटतो. इथे कोणी लपतच नव्हतं. गोरखचिंचेची अवाढव्य झाडं, आपल्याकडे एखाद्या गावात एखादं असलं तरी लोक बघायला जातात, ती इथे माळभर उभी होती आणि त्यांच्या बुंध्यांमधून हत्तींची एक लांबलचक रांग नदीकडे चालली होती. पुढे म्हाताऱ्या, मधे पिल्लं, मागे पुन्हा म्हाताऱ्या. त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता. एवढं मोठं जनावर एवढं हळुवार चालतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आमचा गाडीवान आणि वाटाड्या एलियास, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. पिवळ्या गवतावर ऊन हलत होतं. एक हत्तीण आमच्या गाडीपासून दोन हातांवर थांबली, तिच्या पापण्यांचे केस मला दिसले, आणि मग ती गेली. शोभाने माझा हात धरला होता.

"काय वास येते ना हो त्यांचा! ओल्या मातीचा अन् गोठ्याचा, दोन्ही मिळून," ती कुजबुजली.

"हो ना," मी म्हणालो.

वास गेला की जग काचेपलीकडे जातं. दिसतं सगळं, आणि ते कधीकधी आधीपेक्षाही सुंदर दिसतं, पण आपण त्यात नसतो. त्या दुपारी मला पहिल्यांदा ते फार टोचलं नाही. त्या माळावर सगळेच थोडे स्वप्नात होते, मी थोडा जास्त, एवढंच.

सेरेंगेटी

सेरेंगेटीत गवत संपतच नाही. मधे एखादी खडकांची टेकडी, एखादं छत्रीसारखं झाड, बाकी क्षितिजापर्यंत गवत, आणि वारा आला की सगळं एका दिशेला झुकतं. तासन् तास गाडी चालली तरी आपण तिथेच आहोत असं वाटायचं. मागच्या सीटवर निम्मी मंडळी पेंगत होती.

एलियासने एकदम गाडी थांबवली. मान बाहेर काढून त्याने दोनदा हवा ओढली, रेडिओवर दुसऱ्या गाडीवाल्याशी काहीतरी बोलला आणि डावीकडे वळला. खडकामागे एक रानम्हैस मरून पडली होती, बऱ्याच दिवसांची असावी. तिच्याभोवती सात सिंहिणी, पोटं फुगलेल्या, उन्हात सुस्त. एखादी उठून म्हशीच्या बरगड्यांत तोंड घालायची, कंटाळायची आणि पुन्हा आडवी व्हायची.

आमच्या गाडीत हाहाकार उडाला. ओढण्या आणि रुमाल नाकांवर गेले. वैशाली बाम वाटायला लागली. बावणे काकूंनी "बाप्पा, बाप्पा!" करत पदर तोंडात कोंबला. मी मात्र गाडीच्या उघड्या छतातून अर्धा बाहेर उभा राहून सिंहिणींकडे टक लावून पाहत होतो. खोटं कशाला सांगू, एका हाताने अभ्र्यातला चिवडाही खात होतो.

"मनोहरभाऊ म्हणजे लोखंडी पोट हो!" मागून कोणीतरी म्हणालं. मला जरा अभिमानच वाटला. मग खाली पाहिलं तर आरशातून एलियास माझ्याकडे बघत होता. त्याने स्वतःच्या नाकाशी रुमाल धरला होता. पंचवीस वर्षं या जंगलात गाडी चालवणाऱ्या माणसाने.

दुपारी एका झाडाखाली डबे उघडले, तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचं इंग्रजी साधं होतं आणि माझं त्याहून साधं, म्हणून आमचं चांगलं जमायचं.

"तुम्हाला वास येत नाही," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

चार वर्षं जे घरात निघालं नाही ते एका परक्या माणसापुढे एका शब्दात निघालं. "नाही."

त्याच्या आईचंही नाक त्याच साथीत गेलं होतं, म्हणाला. आता तिला जळलेल्या केळ्याचा तेवढा वास येतो, बाकी कशाचा नाही. मी विचारलं, मग ती काय करते? "मोठ्याने विचारते. दूध नासलं का रे, पाऊस येतोय का रे. घरात दिवसभर तिचं विचारणं चालू असतं." तो हसला. मग म्हणाला, "तुम्ही कोणाला विचारता?"

मला दिलीप आठवला. पण ते विचारणं नव्हतं.

"मीसुद्धा एकट्याच्या नाकावर गाडी वळवत नाही," एलियास उठता उठता म्हणाला. "आधी रेडिओवर दुसऱ्याला विचारतो."

झांझिबार, दगडी शहर

छोट्या विमानातून समुद्र पार करून बेटावर उतरलो. जुन्या शहरातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं लागतं. कोरीव लाकडी दारं आणि त्यांच्यावर पितळेचे टोकदार खिळे. दर वळणावर वाटायचं की आता आपण हरवलो, आणि तेवढ्यात समुद्र दिसायचा.

दुसऱ्या दिवशी बावणे काकूंच्या यजमानांची तिथी होती. पान ठेवायचंच, हे काकू नागपुरातूनच ठरवून आल्या होत्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना वैशालीने समजावलं की वरणभात हवा आहे आणि तो एका गेलेल्या माणसासाठी आहे. त्या बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही. वरणभात तर दिलाच, वर त्यांच्याकडचा एक तळलेला गोड पावही पानात ठेवला.

"फोडणीचा वास आल्याशिवाय ते पाटावर बसत नव्हते," गच्चीत पान ठेवत काकू मला म्हणाल्या. "घ्या वास, बरोबर जमली का फोडणी?"

मी वाकलो, नाक पुढे केलं आणि म्हणालो, "एकदम बरोबर." गेलेल्या माणसाच्या पानाशी खोटं बोललो. ते मला दिवसभर डाचत राहिलं.

कावळा आला, तो राखाडी मानेचा, थेट आपल्याकडचा. वैशालीने वाचलेलं होतं, हे कावळे फार पूर्वी हिंदुस्थानातून आणलेले आहेत. काकू हात जोडून बघत राहिल्या. "मंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "रस्ता माहीत आहे त्यांले." कावळ्याने आधी गोड पाव नेला.

लवंगेची बाग

शहराबाहेर तासाभराच्या वाटेवर मसाल्यांच्या बागा आहेत. त्या सकाळी मी दाढी दोनदा केली. बस वळणावर आली आणि सगळी मंडळी एकदम सरसावून बसली. "आला, आला वास!" शोभा खिडकीशी सरकली आणि माझ्या दंडाला हलवायला लागली. "अहो, आला ना? आपल्या गोदामाच्या दहापट!"

मी डोळे मिटून श्वास घेतला. खोल, पोटापर्यंत. पुन्हा घेतला. हवा गार होती, ओली होती. त्यापलीकडे काहीच नव्हतं.

खाली उतरलो तर अंगणभर चटया आणि चटयांवर लवंग. जिथवर नजर जाईल तिथवर लवंग, कुठे हिरवट, कुठे लालसर, कडेला वाळून तपकिरी झालेली. दोन बायका अनवाणी पायांनी ती परतत होत्या. मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही ओंजळी भरून तोंडाशी नेल्या. लोकांना वाटलं व्यापारी भक्तीत बुडाला. मी हरलो होतो. मला रडायला येत होतं आणि रडायची सोय नव्हती.

मग आम्हाला झाड दाखवलं. चाळीस वर्षं लवंग विकली, पण झाड पाहिलं नव्हतं. उंच, चकचकीत पानांचं, आणि फांद्यांच्या टोकाला झुबके. आणि ताजी लवंग गुलाबी असते! जन्मभर जिला मी काळसर, वाळलेली बघितली ती फांदीवर गुलाबी गाल घेऊन बसली होती. दुःख होतं ते होतंच, पण त्या झाडाखालून माझा पाय निघेना.

बागेची माहिती देणाऱ्या बाईंचं नाव फातमा. त्यांचा एक ठरलेला खेळ असतो. मुठीत पान चुरगळायचं, पाहुण्याला डोळे मिटायला लावायचे आणि वासावरून ओळखायला सांगायचं. मंडळींनी अर्थातच मला पुढे ढकललं.

"या, इतवारीचं नाक या!" बावणे काकू म्हणाल्या.

मी डोळे मिटले. फातमाबाईंची मूठ नाकाखाली आली, त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. दालचिनी म्हणावं? जायफळ? एखादं लागूही पडलं असतं, आणि नसतं पडलं तर हसण्यावारी नेता आलं असतं. मुठीत काय आहे ते बघायला दिलीप नव्हता. मागे शोभा कोणाला तरी सांगत होती, "आता सांगतीलच ते, बघा तुम्ही."

त्या वाक्याने मला संपवलं. मी डोळे उघडले.

"मले वास येत नाही," मी म्हणालो. "चार वर्षं झाली. कशाचाच नाही."

लवंग परतणाऱ्या बायकांच्या पायांचा सरसर आवाज तेवढा होता. मग बावणे काकू सावकाश म्हणाल्या, "म्हणून त्या म्हशीजवळ चिवडा खाऊन राहिले होते तुम्ही!" सगळे हसले, मीही हसलो. नंतर त्याच जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अन् माह्या फोडणीचं?" मी मान खाली घातली. फातमाबाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी एक गुलाबी लवंग तोडून माझ्या जिभेवर ठेवली. मी चावली. जीभ चटकली, मग बधिर झाली. तेवढं मात्र मला पोचलं.

शोभा हसली नव्हती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

जांबियानी

सहलीचे शेवटचे दोन दिवस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होते. तिथला समुद्र सकाळी दाराशी असतो आणि दुपारपर्यंत मैलभर मागे जातो. मागे उरते पांढरी वाळू आणि घोट्याएवढं पाणी, एवढं नितळ की आपली सावली तळाला चालताना दिसते. दूरवर बायका पाण्यात खुंट्या रोवून समुद्रातलं शेवाळ पिकवतात, रांगांमधून वाकून चालतात. आकाश कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. एवढ्या सुंदर जागी माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

पहिल्या दिवशी मी दिलीपला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "तुही परीक्षा कधीच नव्हती," मी म्हणालो. "माल तूच पारखून राहिला होता. आता गादीवर बस." तिकडून तो म्हणाला, "दादा, पण तू बाजूले बसजो." पेढीचं ओझं उतरलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं उतरलं.

दुसऱ्या दुपारी शोभा ओहोटीच्या पाण्यातून एकटीच चालत निघाली. मी मागोमाग गेलो. बरंच आत गेल्यावर वाळूचा एक उंचवटा होता, तिथे ती बसली. मी शेजारी बसलो.

"सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली.

"लाज वाटली."

"रोज दारातून म्हणायचे, काय वास सुटला. मी त्याच्यासाठी थांबून राहत होती. एखाद्या दिवशी नाही म्हटलं तर वाटे, आज काही बिघडलं."

तिने वाळूत बोटाने रेघ ओढली, पाण्याने ती पुसली.

"अन् ओवी झाली तेव्हा?"

ओवी आमची नात, लेकीची मुलगी, तीन वर्षांची. दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी तिच्या टाळूशी नाक नेलं होतं. सगळे बघत होते. "सायीचा वास येते," मी म्हणालो होतो. लहान मुलांचा येतोच, त्यात चुकायचं काय, असा हिशेब. लेकीला ते इतकं आवडलं की ती अजून सगळ्यांना सांगते, बाबांनी ओवीला पहिल्यांदा कसं हुंगलं.

"तेव्हाही येत नव्हता," मी म्हणालो.

शोभाच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं असेल म्हणून मी वाट पाहिली. पण ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाले तिचा वास माहीतच नाही. तीन वर्षं कडेवर घेऊन हिंडता तिले, अन् माहीतच नाही." मग नाक ओढून म्हणाली, "सायीचा नाही येत तिच्या डोक्याले."

"मंग कशाचा येते?"

लांब पाण्यातल्या बायका सरळ उभ्या राहिल्या, कमरेला हात लावला आणि पुन्हा वाकल्या. शोभा डोळे बारीक करून बघत होती, पण ती तिथे नव्हती, ती नागपुरात ओवीच्या डोक्याशी होती.

"तांदूळ धुऊन पंच्यावर पसरले ना," ती म्हणाली, "अन् अर्धे वाळले की जसा येते, तसा. आधी तो. मंग कानामागे जरासा मेथीचा. भाजलेल्या नाही, कच्च्या. अन् झोपून उठली की मानेशी कोमट, इस्त्रीच्या कपड्यासारखा."

मी डोळे मिटले. तांदूळ मला आठवत होते. कच्ची मेथी तर पाठच होती, चाळीस वर्षं ती हातातून गेली होती. मी त्यांना एकेक करून हाक मारली. तांदूळ आले, मेथी आली, इस्त्रीची ऊब आली, पण ती तिन्ही वेगवेगळी उभी राहिली. त्यांची ओवी होईना. पायांशी पाणी परत यायला लागलं होतं.

"आला?" शोभाने विचारलं. तिचा चेहरा अगदी जवळ होता आणि तिला हो ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांग."

तिने ओढणीने तोंड पुसलं, माझ्याकडे सरकली आणि पुन्हा तांदळापासून सुरुवात केली.